कव्हरवरचं दुसरं नाव

सुट्टीत केळापूरला घरी बसून ‘बेलगॅरियड’ ही जादूगारांची पाच भागांची कादंबरीमाला (१९८२-८४) वाचून काढली. कव्हरवर नाव एकट्या डेव्हिड एडिंग्जचं. पण लिखाणात बायको ली हिचाही वाटा होता, हे पुढे त्यानंच सांगितलं. तिचं नाव कव्हरवर आलं ते थेट १९९५ मध्ये, ‘बेलगराथ द सॉर्सरर’वर.

याउलट इलोना आणि अँड्र्यू गॉर्डन या जोडप्यानं दोघांची नावं जोडून ‘इलोना अँड्र्यूज’ हे एकच टोपणनाव घेतलं. ‘मॅजिक बाइट्स’ (२००७) त्याच नावानं आली. म्हणजे भांडणच मिटलं!

गेल्या सेमला प्रोजेक्ट रिपोर्टवर मी पार्टनरचं नाव टाकलंच नव्हतं. अर्धं कोडिंग तिचं होतं. कॉलेज उघडलं की आधी तिला सॉरी म्हणणार, मग कव्हर नव्यानं छापणार.