कुठेही मोजा, उत्तर एकच!

पातूरच्या एखाद्या शाळेत दहावीला ‘रेषेचा चढ’ शिकवायचाय? मग सूत्र थोडं थांबू द्या. सरळ भिंतींचा एक ड्रम नळाखाली ठेवा, आत पट्टी उभी करा आणि मुलांच्या हाती घड्याळ द्या.

समजा, ड्रमात आधीच 6 सेंटीमीटर पाणी आहे आणि नळाची धार एकसारखी आहे. एक मिनिट झालं, पाणी 8.5 वर. दोन झाली, 11. तीन झाली, 13.5. आठ झाली, 26. आता एका मुलीला पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाची नोंद द्या. 2 मिनिटांत 5 सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला 2.5. दुसरीला द्या दुसऱ्या आणि आठव्या मिनिटाची. 6 मिनिटांत 15. भागून बघा. पुन्हा 2.5!

नोंदी वेगळ्या, उत्तर तेच. असं कसं? आलेख काढा, सगळे ठिपके एका रेषेत येतात. आडवं किती सरकलो, उभं किती चढलो, याचा त्रिकोण आखा. लहान असो वा मोठा, या रेषेवरचे असे सगळे त्रिकोण समरूप असतात, म्हणून बाजूंचं गुणोत्तर हलत नाही. रेषेवर बिंदू अगणित, आणि तिचा कल सांगायला एक आकडा पुरतो! आधीचं 6 सेंटीमीटर पाणी? ते रेषेला वर उचलतं, पण चढ तसूभरही बदलत नाही.

पातूरहून मेडशीकडे जाताना घाटात गाडीचा जोर लागतो, तो याच हिशेबापायी: पुढे किती, वर किती. बोरघाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर.

आता ड्रमच्या जागी माठ ठेवा. धार तीच, पण पोटाशी पाणी रेंगाळतं आणि गळ्याशी झरझर चढतं. रेषा वळते, नोंदी बदलल्या की उत्तरही बदलतं. मग अगदी या क्षणी वेग किती?

ग्रहांनी भास्कराचार्यांना हाच पेच घातला होता, कारण त्यांची गती सतत कमीजास्त होते. 1150 साली, वयाच्या 36व्या वर्षी रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी दिवसाच्या सरासरीवर न थांबता ‘तात्कालिक’ गतीचा विचार मांडला.

त्यामागचं मर्म आज आलेखावरही दिसतं. वळणाचा अगदी छोटा तुकडा घ्या, तो जवळजवळ सरळच असतो. म्हणजे पुन्हा तोच भागाकार! कलनशास्त्राचं दार जर इतक्या साध्या किल्लीनं उघडत असेल, तर ती मुलांना स्वतःच्या हातांनी सापडू द्यायला नको का?