सरहद्दीचे जिल्हे : बीड – घाट, गंगा आणि करोडगिरीचे नाके

बीड जिल्ह्याचे दोन मजले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची सखल काळी जमीन, म्हणजे गंगाथडी. इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. दक्षिणेला बालाघाटाचे उंच, मुरमाड पठार. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या दोन नद्यांवरून हा उतार नीट समजतो. सिंदफणा डोंगर उतरून माजलगावमार्गे गोदावरी गाठते, तर मांजरा पाठ फिरवून पठारावरूनच आग्नेयेला निघते आणि बीदरकडून मोठा वळसा घेत थेट तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीला मिळते.

गोदावरी ही जिल्ह्याची उत्तर सीमा. पावसाळ्यात ती ओलांडणे सैन्यालाही महागात पडे. 10 ऑगस्ट 1763 रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला हैदराबादच्या निजामअलीची मुख्य फौज पैलतीरी पोचली होती. दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीसह अलीकडे अडकला. माधवराव पेशव्यांनी नेमके तेव्हा त्याला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या फौजेला पुरामुळे मदतीला येता आले नाही.

पश्चिमेची हद्द मात्र राजकारणाने आखली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) इंग्रजांकडे गेले आणि बीड निजामाकडेच राहिले. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला नगरची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. पण वाटेत परके राज्य. निजामाचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. माल नाक्यावर थांबे, महसूल भरल्याशिवाय पुढे सरकत नसे. नाणेही वेगळे: इकडे हाली, तिकडे कलदार, आणि हाली रुपया कलदारापेक्षा हलका. 1947-48 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात हद्दीवरचे नाके सत्याग्रहींचे लक्ष्य का झाले, ते यावरून कळते. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे संस्थान शरण आले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ही राज्यसीमा पुसली गेली.

घाटांनी घातलेला रस्त्यांचा पेच मात्र पुसला गेला नाही. सोलापूर-धुळे महामार्ग, आजचा क्रमांक 52, बीडहून दक्षिणेला निघताच मांजरसुंब्याचा घाट चढतो. वर चौकात वाटा फुटतात: सरळ चौसाळ्याकडे, डावीकडे नेकनूर-केज-अंबाजोगाईला, उजवीकडे पाटोद्याला. बीडहून पठारावर जाणाऱ्याला हा चौक चुकत नाही. तेलगावहून धारूरला जाणाऱ्याच्या वाट्याला तसाच दुसरा घाट येतो. धारूरचा किल्ला त्याच घाटमाथ्यावर आहे.

रेल्वेने तर बीडला दीर्घकाळ वळसा घातला. मनमाड-सिकंदराबाद मार्ग गोदावरीच्या उत्तरेने, औरंगाबाद-जालना-परभणी असा गेला. निजामाच्याच काळात परळीला रूळ पोचले. पण ते जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक, आणि गाड्यांचे तोंड परभणी-विकाराबादकडे. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि निधीअभावी रखडत राहिला. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. तेव्हाही बीड ते परळी हा टप्पा बाकीच होता.