भोकराच्या कुळाची परागपरीक्षा

आळंदीचा अजानवृक्ष, लोणच्याचे भोकर, वाटेकडेला वळलेला तुरा काढणारी भुरुंडी आणि कासच्या पठारावरची फिकट निळी निसुर्डी. पहिली दोन चांगली झाडे, उरलेल्या दोन मऊ देठाच्या रानवनस्पती. तरीही बोरॅजिनेसी या एकाच कुळात चौघींची नोंद. जुसिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1789 मध्ये हे कुळ मांडले आणि पुढची दीडेक शतके आतली वाटणी मुख्यतः फळावरून होत राहिली. फळ गरवाले की सुके, सुके असेल तर त्याचे टणक दाणे तळाशी कसे चिकटलेले, त्यांवर आकडे आहेत की नाहीत. आल्फाँस द कँडॉलच्या 1845-46 च्या ग्रंथात हेच आहे. हार्वर्डच्या आयव्हन जॉन्स्टनने 1920 च्या दशकापासून तीन दशकांहून अधिक काळ चालवलेल्या लेखमालेतही दाण्यांचा मान मोठा आहे. आकडे ही मात्र बेभरवशाची खूण. जनावराच्या केसांत अडकून दूर जाण्यात फायदा असल्याने ते या कुळात निरनिराळ्या शाखांवर स्वतंत्रपणे उगवले आहेत.

परागकण पाहणारे पूर्वीही होते. जर्मनीच्या ह्यूगो फॉन मोलने 1834 मध्येच त्यांच्या आकारांवर पुस्तक लिहिले. खरी सोय झाली ती 1934 नंतर, गुन्नार एर्टमन या स्वीडिश अभ्यासकामुळे. नऊ भाग ॲसेटिक अॅनहायड्राइड आणि एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांत पराग तापवायचे. आतला जीवरस जातो, बाहेरचे चिवट कवच तेवढे उरते आणि त्यावरची नक्षी, खाचा, छिद्रे लख्ख दिसतात. कवच इतके टिकाऊ की हर्बेरियममध्ये शंभर वर्षे चिकटवून ठेवलेल्या वाळक्या फुलातला परागही चालतो. जंगलात न जाता जगभरच्या जाती टेबलावर आल्या, या गोष्टीचे श्रेय एर्टमनच्या पद्धतीला नेहमी कमीच दिले गेले, असे मला वाटते. 1952 मध्ये एर्टमनचा सपुष्प वनस्पतींच्या परागांवरचा मोठा ग्रंथ आला. त्यातून या कुळातले वैविध्य एकत्र पाहता आले.

आणि ते वैविध्य विलक्षण होते. याच कुळातल्या मायोसोटिसचा कण सुमारे 5 मायक्रोमीटरचा, वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत लहान परागांपैकी एक, मध्ये आवळलेला, थेट डमरू. तुलनेला, भोपळ्याचा कण शंभर मायक्रोमीटरच्या वर जातो. याच कुळातल्या बोरॅगोच्या कणाला आठ-दहा खाचा, एकियमच्या कणाची दोन टोके सारखी नाहीत. 1977 मध्ये क्लार्क यांनी वायव्य युरोपातल्या जातींचे परागप्रकार लावून दिले. दलदलीच्या थरांत सापडणारे जुने कण ओळखायलाही त्यांचा उपयोग होतो.

पण या मागोव्यात मला थांबावेसे वाटते ते 1973 पाशी. जोन नोविकी आणि रिजवे यांनी कॉर्डिया, म्हणजे आपल्या भोकराच्या प्रजातीचे पराग तपासले, तेव्हा एका प्रजातीत मावणार नाहीत इतके वेगळे प्रकार निघाले. अमेरिका खंडातल्या झुडपांच्या एका गटाच्या परागाला लांब खाचा नव्हत्याच, गोल छिद्रे होती आणि अंगावर जाळी. पॅट्रिक ब्राउनने 1756 मध्ये जमैकाहून याच गटाला व्हॅरोनिया म्हटले होते. पुढे ते नाव कॉर्डियात बुडाले. परागाने फरक दाखवला तरी नाव लगेच वर आले नाही. जेम्स मिलर आणि मार्क गॉटश्लिंग यांनी डीएनएच्या आधारे व्हॅरोनियाला पुन्हा प्रजातीचा दर्जा दिला तो 2007 मध्ये. चौतीस वर्षे! 1974 मध्ये नोविकी आणि स्कवार्ला यांनी टूर्नफोर्शिया या याच कुळातल्या प्रजातीचेही असेच पितळ उघडे पाडले. त्यातला एक गट आज मायरिओपस म्हणून वेगळा आहे. 1989 मध्ये नोविकी व मिलर यांनी हॉप्लेस्टिग्मा या आफ्रिकी झाडाचे नाते परागावरून याच गोतावळ्याशी जोडले. डीएनएने पुढे तेही उचलून धरले.

माझा निष्कर्ष असा की ‘हे दोघे वेगळे’ असे पराग सांगतो तेव्हा त्याचे ऐकावे, ‘हे दोघे सारखे’ म्हणतो तेव्हा सावध राहावे. तीन खऱ्या खाचा आणि त्यांच्यामध्ये तीन आभासी, ही ठेवण या कुळात जागोजागी आढळते, पण ऐन-अर्जुनाच्या कुळातही आहे, आणि त्यांचा बोरॅजिनेसीशी जवळचा संबंध नाही. आकारमानाचीही फसगत होते. पल्मोनारियासारख्या वनस्पतींत एकाच जातीची लांब आणि आखूड कुक्षीवृंताची फुले असतात आणि दोहोंच्या परागाचे माप सारखे नसते. डार्विनने 1877 च्या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे.

2016 मध्ये दोन वाटा झाल्या. सपुष्प वनस्पतींच्या एपीजी या वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीने हे सारे एकाच कुळात ठेवले. बोरॅजिनेलीस या गणावर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या गटाने अकरा कुळे केली आणि अजानवृक्ष, भोकर, भुरुंडी, निसुर्डी चार घरी गेले. त्याच वर्षी चाकोन आणि सहकाऱ्यांनी या वाटणीनंतर उरलेल्या, संकुचित अर्थाच्या बोरॅजिनेसीची नवी मांडणी केली. दाण्यांवरून उभी केलेली एरिट्रिकिई ही शाखा तिथे मोडली आणि तिचे सदस्य सायनोग्लॉसमच्या उपकुळात विखुरले. तिथे मात्र सहा खाचांची ती ठेवण सर्रास आहे, म्हणजे या एका जागी परागाचे ‘सारखे’ही बरोबर निघाले आणि दाण्यांवरची वाटणी चुकली.