परदेशात घर शोधताना : इंग्लंडला जाणाऱ्यांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी



परिचर्या, संगणक किंवा उच्च शिक्षण यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक तरुण-तरुणी इंग्लंडची वाट धरतात. नेमणुकीचे पत्र येते, व्हिसा मिळतो, विमानाचे तिकीटही निघते. परंतु परक्या भूमीवर उतरल्यानंतर पाठ कोठे टेकायची, हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यापर्यंत तसाच लोंबकळत राहतो. मग घाईघाईने, न पाहिलेल्या घरासाठी, न भेटलेल्या माणसाच्या खात्यात पैसे पाठविले जातात. हे पैसे पुष्कळदा कर्जाऊ काढलेले किंवा आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन साठविलेले असतात. म्हणून तेथील भाड्याच्या घरांची रीत आणि कायदा यांची तोंडओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे. येथे दिलेले नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील कायदे वेगळे आहेत.

एजंट कोणाचा?

मुंबईत दलाल घर दाखवितो आणि भाडेकरूकडून साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली घेतो. त्यामुळे तो काही अंशी आपलाही माणूस आहे, असे आपण मानतो. इंग्लंडमध्ये मात्र लेटिंग एजंटला घरमालक नेमतो आणि त्याचा मोबदलाही घरमालकच देतो. एजंट कितीही गोड बोलला तरी तो घरमालकाच्या हितासाठी काम करीत असतो, हे प्रथम मनावर कोरून ठेवावे.

१ जून २०१९ पासून लागू झालेल्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार एजंटला किंवा घरमालकाला भाडेकरूकडून दलाली, घर दाखविण्याचे शुल्क, कागदपत्रांचे शुल्क अथवा चौकशीचे शुल्क घेता येत नाही. असे शुल्क कोणी मागितल्यास ते बेकायदेशीर समजावे. शिवाय प्रत्येक लेटिंग एजंटने सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचे सभासद असणे २०१४ पासून बंधनकारक आहे. तो कोणत्या योजनेचा सभासद आहे, हे निःसंकोच विचारावे. उत्तर देण्यास टाळाटाळ करणाऱ्यापासून दूर राहावे.

भाड्याचा हिशेब

जाहिरातीत भाडे कधी आठवड्याचे तर कधी महिन्याचे दिलेले असते. येथे नवखा माणूस फसतो. आठवड्याला ३०० पौंड म्हणजे महिन्याला १२०० पौंड नव्हे. वर्षाचे ५२ आठवडे धरून आलेल्या रकमेला १२ ने भागावे लागते, म्हणजे महिन्याचे भाडे १३०० पौंड होते.

घर पसंत पडल्यावर ते आपल्यासाठी राखून ठेवण्याकरिता एजंट होल्डिंग डिपॉझिट मागतो. ते एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक असू शकत नाही, म्हणजे वरील उदाहरणात ३०० पौंड. करार झाल्यास ही रक्कम सामान्यतः पहिल्या भाड्यात किंवा अनामत रकमेत वळती होते. घरमालकाने विचार बदलला तर ती परत मिळाली पाहिजे. मात्र आपणच माघार घेतली किंवा खोटी माहिती दिली तर ती गमवावी लागते. म्हणून मन पक्के झाल्याशिवाय ती भरू नये.

मुख्य अनामत रकमेवरही मर्यादा आहे. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांहून कमी असल्यास ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. वरील घरासाठी ही मर्यादा १५०० पौंड होय. घरमालकाने ही रक्कम ३० दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदवून त्याची माहिती भाडेकरूला लेखी द्यावयाची असते. ही पद्धत २००७ पासून सुरू आहे. रक्कम नोंदविली नाही तर न्यायालय घरमालकाला अनामतीच्या एकपट ते तिप्पट दंड भाडेकरूला देण्यास सांगू शकते.

परदेशी व्यक्तीची विशेष अडचण

२०१६ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये घरमालकाने भाडेकरूचा त्या देशात राहण्याचा हक्क तपासणे सक्तीचे आहे. याला राइट टू रेंट तपासणी म्हणतात. ज्यांच्याकडे ई-व्हिसा आहे, त्यांनी सरकारी संकेतस्थळावरून शेअर कोड काढून तो जन्मतारखेसह एजंटला द्यावयाचा असतो. हा कोड ९० दिवस चालतो. तपासणीत कसूर करणाऱ्या घरमालकाला जबर दंड होऊ शकतो. त्यामुळे काही घरमालक परदेशी नाव पाहताच कचरतात. परंतु वंश किंवा राष्ट्रीयत्व पाहून घर नाकारणे समानता कायदा २०१० अन्वये निषिद्ध आहे. एकेकाळी तेथे गौरेतर आणि आयरिश लोकांना घर मिळणार नाही, असे फलक उघडपणे लागत असत. घरांच्या बाबतीतील असा भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरविला.

दुसरी अडचण जामीनदाराची. नव्याने आलेल्या माणसाजवळ तेथील पतइतिहास नसतो आणि जामीन राहणारा स्थानिक मनुष्यही नसतो. म्हणून आजवर त्याच्याकडून सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले जाई. ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत झालेल्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने यावर मर्यादा घातली आहे. १ मे २०२६ ही त्यातील प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीची तारीख आहे. त्या तारखेपासूनच्या खाजगी भाडेकरारांत एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही, जाहीर केलेल्या भाड्यापेक्षा चढी बोली स्वीकारता येत नाही आणि कारण न देता घर रिकामे करण्याची नोटीसही बजावता येत नाही. जामीनदार मात्र मागता येतो. त्यामुळे आपण काम करणार आहोत ती संस्था किंवा आपले विद्यापीठ याबाबत साहाय्य करते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

‘आपल्या माणसा’कडे राहताना

कित्येकजण प्रारंभी एखाद्या भारतीय कुटुंबाच्या घरात खोली घेतात. यात आधार असतो, जेवणाची सोय होते. तथापि घरमालकाच्याच घरात राहणाऱ्याला कायद्याचे संरक्षण फारच थोडे असते. त्याची अनामत रक्कम योजनेत नोंदविण्याचे बंधन नाही आणि त्याला अल्प मुदतीत खोली सोडण्यास सांगता येते. म्हणून ओळखीच्या माणसाकडेही रक्कम, मुदत आणि परत करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात व पावती मागावी. पावती मागण्यात अविश्वास नाही. उलट पुढील कटुता त्यामुळे टळते. तसेच वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात राहत असतील तर त्या घराला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. अशा घरात एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ६.५१ चौरस मीटर असावे लागते. एका खोलीत चौघांना कोंबणारा मनुष्य आपल्या गावचा असला तरी तो उपकार करीत नसतो.

करारापूर्वी आणि नंतर

घर स्वतः पाहिल्याशिवाय अथवा विश्वासू व्यक्तीने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या निवासाची सोय करून मग घर शोधणे थोडे खर्चिक वाटले, तरी अंती ते स्वस्त पडते. भिंतींवर ओल व बुरशी आहे का, गरम पाण्याचे यंत्र चालते का, गॅस सुरक्षिततेचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र आहे का, हे तपासावे. कौन्सिल टॅक्स, वीज, गॅस आणि पाणी यांचा खर्च भाड्यात धरला आहे की नाही, हे विचारावे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्समधून सूट मिळते. एकट्या राहणाऱ्या प्रौढाला २५ टक्के सवलत मिळते.

ताबा घेताना घरातील वस्तूंची यादी वाचूनच सही करावी आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ठेवावीत. घर सोडताना अनामत रकमेबाबत वाद झाला तर हीच छायाचित्रे साक्ष देतात. नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेसाठी रक्कम कापता येत नाही. वाद मिटला नाही तर संरक्षण योजनेकडे विनामूल्य निवाडा मागता येतो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि शेल्टर या संस्था मोफत सल्ला देतात.

शेवटी एक विनंती. तेथे स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी नव्याने येणाऱ्यासाठी एक घर प्रत्यक्ष जाऊन पाहावे, एक करार वाचून द्यावा. त्यांच्या अर्ध्या दिवसाने कोणाची तरी वर्षभराची पुंजी वाचू शकेल. आणि येथून निघणाऱ्यांनी सामानाच्या यादीत घराची चौकशी सर्वात वर लिहावी.