लघुपट : एकट्याचे नव्हे, गटाचे काम

लघुपट म्हणजे केवळ कॅमेरा नव्हे. कथा, चित्रण, ध्वनी, संकलन, हिशेब ही कामे गटाने वाटून घ्यावयाची असतात. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’त शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची व्यथा आहे. २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो दिग्दर्शकाचा उत्कृष्ट पहिला लघुपट ठरला.

आमच्या वस्तीतील मुलांनीही लघुपट केला. हिशेब माझ्याकडे होता. दिवे वाहणाऱ्या मुलाची आई पडद्यावर त्याचे नाव शोधत राहिली, ते नव्हतेच. चूक माझ्याही ध्यानात आली नव्हती. बँकेत पूर्वी नोंदीखाली सही लागत असे. तसे चित्रणापूर्वीच प्रत्येक कामापुढे नाव लिहावे. श्रम सर्वांचे, तर श्रेयही सर्वांचे!