रात्रपाळी वटवाघळांची, दिवसपाळी हमिंगबर्डची

- हमिंगबर्ड: फक्त अमेरिका खंडांत. जाती सुमारे 360. हवेत एका जागी तरंगत मध पितात. तेवढ्यात परागकण कपाळाला, चोचीला लागतात. त्यांची फुलं बहुधा लाल-केशरी, नळीसारखी, जवळजवळ बिनवासाची.

- वटवाघूळ: फुलं रात्री उमलणारी, फिकट रंगाची, मजबूत देठाची, पानांपासून दूर लोंबणारी. मध भरपूर. वास उग्र, पुष्कळदा कुजकट. माणसाला नकोसा, वटवाघळाला मात्र आमंत्रणच.

- जिभेचा विक्रम: इक्वेडोरच्या अँडीज पर्वतातलं ‘अनौरा फिस्टुलाटा’ हे वटवाघूळ 2005 मध्ये शास्त्राला माहीत झालं. जीभ सुमारे साडेआठ सेंटिमीटर, शरीराच्या दीडपट! तोंडात मावत नाही म्हणून तिचं मूळ छातीच्या पिंजऱ्यात असतं. ‘सेंट्रोपोगॉन निग्रिकॅन्स’ या खोल नळीच्या फुलाचं परागीभवन तेच करतं.

- आवाजाचा आरसा: क्यूबातल्या ‘मार्कग्रेव्हिया इव्हेनिया’ वेलीच्या फुलोऱ्यावर वाटीसारखं खोलगट पान असतं. वटवाघळाने सोडलेला आवाज त्यावर आपटून ठळक प्रतिध्वनी देतो आणि अंधारात फुलं लवकर सापडतात.

- चोच: दक्षिण अमेरिकेतल्या तलवारचोच हमिंगबर्डची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीराहून लांब. लांब नळीच्या कृष्णकमळांशी तिची जोडी जमते.

- आपल्याकडे: टेटू आणि गोरखचिंचेच्या फुलांवर रात्री वटवाघळं येतात. दिवसा मध पिणारा चिमुकला, चकचकीत पक्षी म्हणजे शिंजीर. तो बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड भारतात आढळत नाही.