विश्वास ठेवला की नेमकं बदलतं काय? केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, किंवा मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त थोडा नीटनेटका केलाय.

मागच्या आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे ट्रॅक्टर चालू होता, त्यामुळे तीनदा ऐकावा लागला. तो म्हणत होता, "दादा, माझा एक मित्र सहा महिने झाले बायबल वाचतोय. म्हणतो, येशूवर विश्वास ठेवला आणि माझं आयुष्यच बदललं. पण मला तर तो होता तसाच दिसतो. तीच गाडी, तोच मोबाईल, तेच अडकलेलं उसाचं बिल. मग बदललं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. "आयुष्य बदललं" हे वाक्य आपण खूप ऐकतो, पण म्हणजे काय झालं, हे फार कमी जण नीट सांगतात. म्हणून आज मी उपदेश करणार नाही. एक खरी गोष्ट सांगतो. तीही लांबची नाही. निरवांगीहून बारामती, तिथून पाटस, पुढे चौफुला, आणि आत वळलं की केडगाव. पुणे-दौंड रेल्वेने जाताना तुम्ही हे स्टेशन कितीतरी वेळा पाहिलं असेल. तिथे एका बाईने जे उभं केलं, त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

आधीच्या रमाबाई

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही, अशी तेव्हाची रीत. अनंतशास्त्रींनी ती मोडून बायकोला शिकवलं, आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, पुराणं सांगायचं आणि त्यावर पोट भरायचं.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७६-७७ मध्ये आपलं इंदापूरही होरपळून निघालं होतं. त्या दशकात रमाबाईंचे वडील, आई आणि मोठी बहीण, तिघंही गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले, उपाशी राहिले, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन "पंडिता" आणि "सरस्वती" अशा पदव्या दिल्या. वय फक्त वीस!

पण पुढचं ऐका. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला नवरा पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर लेकरू. त्या पुण्यात आल्या आणि बायकांसाठी आर्य महिला समाज काढला.

म्हणजे लक्षात घ्या, ख्रिस्ती होण्याआधीही रमाबाई हुशार होत्या, धीट होत्या, समाजासाठी झटत होत्या. "आधी वाईट होत्या, मग चांगल्या झाल्या" अशी ही सरळसोट गोष्ट नाहीच. मग बदललं काय?

एक विहीर आणि एक प्रश्न

१८८३ मध्ये त्या डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण राहून गेलं. वाँटेज गावच्या मठात जोगिणींकडे त्या राहत होत्या. या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं काम दाखवायला नेलं. ज्या बायकांना समाज "वाया गेलेल्या" म्हणतो, त्यांच्यासाठी ते घर होतं. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना कुणी जवळ करतं, त्यांचं आयुष्य पुन्हा उभं राहतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो, तिच्याशी देवाबद्दल बोलतो.

रमाबाईंनी शास्त्रं वाचलेली होती. बाईला आणि शूद्राला मुक्तीचा मार्ग कुठे आहे, हा प्रश्न त्यांना कलकत्त्यापासून सतावत होता. इथे त्यांना असा देव दिसला, जो अशा बाईला टाळत नाही, स्वतःहून तिच्यापाशी येतो. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शुभवर्तमान म्हणजे काय?

इथे जरा थांबू. शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. उपदेश सांगतो, "हे कर, म्हणजे देव तुला जवळ करेल." बातमी सांगते, "हे झालेलं आहे." ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ती बातमी अशी: देव येशूच्या रूपाने माणसाच्या शोधात आला, माणसाच्या पापासाठी मेला, पुन्हा उठला, आणि क्षमा फुकट देतो. ती कमवावी लागत नाही.

आता याचा परिणाम काय होतो, बघा. क्षमा कमवायची नसेल, तर "मी त्याच्यापेक्षा बरा" हे दाखवायची गरज संपते. मी स्वतःच फुकट स्वीकारला गेलोय, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने बाहेर ठेवू? जात, चारित्र्य, पैसा, शिक्षण, यावरून माणूस मोजायची सवय मुळापासून हलते. बदल आधी इथे होतो. गाडीत नाही, बँक खात्यात नाही.

कालव्याला पाणी सुटलं, पण वाफ्यात?

पण हे एका दिवसात झालं नाही. रमाबाईंनी नंतर स्वतः लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं त्यांना पूर्ण समाधान नव्हतं. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ.

नीरा डाव्या कालव्यावरच्या मंडळींना हे लगेच कळेल. आवर्तन सुटलं, ही बातमी खरी असते. फोनवर मेसेजही येतो. पण बारे धरल्याशिवाय पाणी आपल्या वाफ्यात येत नाही. रमाबाईंचं डोकं १८८३ मध्ये पटलं. साधारण १८९१ मध्ये त्यांनी स्वतःला आहे तसं देवाच्या हवाली केलं. माहिती असणं आणि भरवसा टाकणं, यातला हा फरक.

आणि विश्वास ठेवला म्हणून त्यांनी विचार करणं सोडलं नाही. धर्मशिक्षण देणाऱ्यांशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. जे पटलं नाही ते मान्य केलं नाही. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, मराठी तर नाहीच नाही.

किंमतही मोजली

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला.

शाळेत धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. "केसरी"ने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी पाठीराखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकार म्हणत, शब्द मोडला. रमाबाई म्हणत, मी कुणाला बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही. आजही यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात. एवढं मात्र खरं, की विश्वासामुळे त्यांचं आयुष्य सोपं झालं नाही.

केडगाव

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आठवतंय ना, त्यांचं स्वतःचं घर दुष्काळाने गिळलं होतं? त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्या मुली ठेवता येईनात. म्हणून केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना नेलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या आणि आकडा दीड-दोन हजारांच्या घरात गेला. कुठल्या जातीची, हा प्रश्न नव्हता. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छपाई, सगळं मुलींना शिकवलं. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं.

आणि तिथेच एक घर होतं, कृपा सदन. कुणासाठी? समाजाने "वाया गेलेल्या" म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. फुलमला जे पाहून त्या थक्क झाल्या होत्या, तेच त्यांनी दौंडच्या माळावर उभं केलं. आपला बदल त्यांनी शब्दांत सांगितलाच, पण या घरात तो डोळ्यांनी दिसतो.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावं, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचं काम मुक्तीच्या बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी लेक. तरी रमाबाईंनी काम पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

तर, निरवांगीच्या मित्रा…

तुझ्या मित्राची गाडी, मोबाईल, उसाचं बिल यात काही शोधू नकोस. सहा महिनेही फार नाहीत. रमाबाईंना आठ वर्षं लागली. दुसरं उदाहरण देतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तर लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर! ज्याचा त्याचा वेग असतो, जबरदस्तीने काही होत नाही.

त्यापेक्षा हे बघ. ज्याच्याशी भांडण होतं, त्याच्याशी तो आता कसा बोलतो? चूक झाली तर कबूल करतो का? आणि गावाने बाजूला टाकलेल्या एखाद्या माणसासाठी त्याच्या घरात ताट वाढलं जातं का? तिथे फरक दिसला, तर तो खरं बोलतोय. नसेल दिसत, तर मित्र म्हणून त्यालाच विचार. खऱ्या विश्वासाला प्रश्नांची भीती नसते, रमाबाईंना तर कधीच नव्हती.

आणि जमलं तर दोघं मिळून एकदा केडगावला जाऊन या. एवढ्या वर्षांनी तिथलं काम अजून चालू आहे.

तुमचे प्रश्न असेच पाठवत राहा. फक्त जरा ट्रॅक्टर बंद करून बोला, म्हणजे झालं! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.